गॅलरीतली उभी बाग : पहिली भिंत कशी लावायची

वन-बीएचकेच्या गॅलरीत वॉशिंग मशीन, कपड्यांचा स्टँड आणि एखादी खुर्ची ठेवली की जमीन संपते. उरतात ती मागची भिंत आणि समोरचं ग्रिल. मुंबई-पुण्याच्या चाळींत लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. कठड्याला तारेने बांधलेल्या डालड्याच्या डब्यांतून तुळस, पुदिना आणि पानओवा पिढ्यान्‌पिढ्या वाढले आहेत. आज बाजारात तयार पॅनेलं, फेल्टचे (जाड, दाबलेल्या कापडाचे) खिसे, पाइपांचे मनोरे असं बरंच काही मिळतं, पण मूळ प्रश्न तोच आहे: थोड्याशा मातीत, उंचावर, झाड जिवंत कसं ठेवायचं?

उभी बाग बिघडते ती बहुधा पाण्यामुळे. वरची कुंडी वाळते, खालची कुजते आणि मधली कुणी बघतच नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. प्रत्येक कुंडी एका हाताने सुटी निघाली पाहिजे, आणि सगळ्यात वरच्या कुंडीतल्या मातीत जमिनीवर उभं राहून बोट घालता आलं पाहिजे. स्टुलावर चढून पाणी घालायची बाग दोन महिन्यांत कंटाळवाणी होते.

आधी ऊन बघा, आणि फक्त आजचं नाही

खरेदीला जाण्याआधी एक रविवार गॅलरीत काढा. सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि साडेचार अशा चार वेळांना भिंतीवर ऊन कुठपर्यंत येतं ते खडूने आखून ठेवा. भिंतीवर थेट चार-पाच तास ऊन येत असेल तर मिरची-टोमॅटोचा विचार करता येतो. दोन-तीन तास असेल तर पालेभाज्या. थेट ऊन नाही पण दिवसा दिवा न लावता पेपर वाचता येतो, एवढा उजेड असेल तर शोभेची पानझाडं.

मात्र खडूची रेघ त्या महिन्यापुरतीच खरी असते. दक्षिणेकडे तोंड असलेल्या गॅलरीत तर वर्षात दोन वेगळ्याच बागा असतात. डिसेंबरात मुंबईच्या अक्षांशावर भरदुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन तिरपं आत शिरतं. चार फूट खोल आणि नऊ फूट उंच गॅलरी धरली, तर त्या वेळी मागच्या भिंतीचा खालचा निम्मा भाग उन्हात न्हाऊन निघतो आणि वरचा निम्मा वरच्या मजल्याच्या स्लॅबच्या सावलीत राहतो. मे महिन्यात गणित उलटतं. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्याच गॅलरीच्या मागच्या भिंतीवर दुपारी ऊन पोचतच नाही. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडेच झुकलेला असतो. जानेवारीतलं ऊन बघून मार्चमध्ये टोमॅटो लावला की तो नुसता लांबच लांब वाढतो आणि फळ धरत नाही, त्याचं कारण हे. दक्षिण गॅलरीत टोमॅटो ऑक्टोबरात लावावा आणि मार्चपर्यंत आवरावा.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात सोपी. सकाळचं ऊन बहुतेक झाडांना मानवतं. पश्चिमेकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर भिंत तापून निघते आणि रात्री उशिरापर्यंत गरम राहते. तिथे पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट लावायची तयारी ठेवा. उत्तरेची गॅलरी भाजीला नाही, पण फर्न आणि मनीप्लांट तिथे जितके समाधानाने राहतात तितके दुसरीकडे नाही.

मागच्या भिंतीबद्दल जे सांगितलं ते ग्रिलला लागू नाही. ग्रिलच्या आतल्या बाजूला ऊन आणि वारा दोन्ही जास्त. त्यामुळे उन्हाची झाडं ग्रिलपाशी, सावलीची मागच्या भिंतीवर वरती, आणि भाजी भिंतीच्या खालच्या भागात, अशी ढोबळ मांडणी डोक्यात ठेवा.

भिंत, वजन आणि खालचे शेजारी

सहा इंची कुंडीत सुमारे दोन लिटर मिश्रण बसतं. हलकं, कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) मिश्रण भिजलं की कुंडी आणि झाड धरून अडीच किलोच्या आसपास जातं. अशा वीस कुंड्या म्हणजे पन्नास किलो. त्याच कुंड्यांत नुसती शेतातली माती भरली तर वजन सहज दीडपट होतं. हे सगळं वजन भिंतीतल्या चार स्क्रूंवर टाकू नका. कुंड्या अडकवायच्या सांगाड्याला पाय असू द्या, तो जमिनीवर उभा राहू द्या, आणि भिंतीचे स्क्रू त्याला पुढे कलंडू न देण्यापुरतेच ठेवा.

भोक पाडताना बाहेर पडणारी भुकटी बघा. लाल निघाली तर विटेची भिंत, साधा प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू पुरतो. राखाडी निघाली आणि ड्रिल अडखळत असेल तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. पकड उत्तम, पण सळईला लागलं की जागा बदला. पांढरी, मऊ, पिठासारखी भुकटी म्हणजे सिपोरेक्सचा, बारीक छिद्रांचा हलका ब्लॉक. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या इमारतींत हेच जास्त दिसतं. त्यात साधा प्लग काही महिन्यांत सैल होतो. हार्डवेअरच्या दुकानात हलक्या ब्लॉकसाठीचा वेगळा फास्टनर मागून घ्या. भाड्याच्या घरात भोकं पाडूच नयेत. लोखंडी शिडीचा स्टँड ग्रिलला दोन ठिकाणी घट्ट बांधला की काम होतं.

सांगाडा आणि भिंत यांत किमान दोन इंच मोकळी जागा हवी. हवा खेळली नाही की भिंतीला ओल धरते, रंगाचे पोपडे निघतात आणि पलीकडे तुमच्याच बेडरूमच्या भिंतीवर काळे डाग उमटतात. मागे वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात आधीच मारून घेतलेले बरे, नंतर सगळं उतरवावं लागतं.

सगळ्यात खाली पाणी झेलायची सोय करा. चार इंची पीव्हीसी पाइप उभा अर्धा चिरला की चांगली पन्हळ तयार होते. तिला एका बाजूला थोडा उतार देऊन तोंड गॅलरीतल्या पाणी जायच्या जाळीपाशी न्या. पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेलं नाही, तर सोसायटीत बहुतेक भांडणं होतच नाहीत.

एक गोष्ट ठामपणे सांगते: ग्रिलच्या किंवा कठड्याच्या बाहेरच्या बाजूला कुंडी टांगायची नाही. पावसाळी वाऱ्यात हुक निसटतो आणि चौथ्या मजल्यावरून पडलेली छोटी कुंडीही माणसाचा जीव घेऊ शकते. कुंडी नेहमी आत, आणि हुकाला वरून पातळ तारेचा एक वेढा.

सांगाडा कोणता घ्यावा

फेल्टचे खिसे फोटोत फार देखणे दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दल आधी बोलू. भिंतीवर झाडं वाढवण्याच्या रचनेचं पेटंट अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक स्टॅनली हार्ट व्हाइट यांना १९३८ मध्ये मिळालं होतं. ती जगभर लोकप्रिय केली ती फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी. पॅरिसच्या के ब्रांली संग्रहालयाची हिरवी भिंत त्यांचीच. पण ब्लाँ यांच्या भिंतीत माती नसते. फेल्टवरून टायमरवर चालणाऱ्या पंपाने दिवसातून अनेकदा खतमिश्रित पाणी सोडलं जातं. आपण तोच फेल्ट आणतो, त्यात ओंजळभर माती भरतो आणि दिवसातून एकदा मगाने पाणी घालतो. मे महिन्यात कापड चारी बाजूंनी वाळतं आणि संध्याकाळपर्यंत झाड माना टाकतं. पंप आणि टायमर लावणार नसाल तर खिसे घेऊ नका.

प्लास्टिकच्या बाटल्यांची बाग मुलांबरोबर करायला छान आहे. बाटली पारदर्शक असेल तर आत शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून रंगवून घ्या. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं, तेव्हा वर्षाने बदलायची हे धरूनच चाला.

पहिल्या बागेसाठी मी वेल्डमेशची जाळीच सुचवेन. गॅल्व्हनाइज्ड, दोन इंची चौकोनांची, तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच. तिला अँगलची चौकट आणि पाय फॅब्रिकेटरकडून जोडून घ्या, कापलेल्या टोकांना झिंकचा रंग लावा नाहीतर पहिल्या पावसातच गंज धरतो. तिच्यावर मागे हुक असलेल्या सहा इंची कुंड्या अडकवायच्या. कुठलीही कुंडी काढा, दुसरीकडे लावा, आजारी झाड बाजूला न्या. सुरुवातीला वीस कुंड्यांची जागा ठेवा पण बाराच लावा. बारा झाडं महिनाभर नीट सांभाळली की उरलेल्या आठांत काय हवं ते तुम्हालाच कळेल.

आणि ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांनी वेल लावावा. जमिनीवर एकच चौदा-सोळा इंची कुंडी, तिच्यातून ग्रिलवर सोडलेली सुतळी आणि मयाळू. खर्च सगळ्यात कमी, पाणी एकाच ठिकाणी घालायचं, आणि भज्यांची पानं दाराशी. ऊन भरपूर असेल तर तोंडली किंवा कारलं; थोडं कमी असेल तर नागवेल; फुलं हवी असतील तर गोकर्ण. गोकर्णाचं बी रात्रभर भिजवून लावलं की लवकर रुजतं.

मिश्रण

छोट्या कुंडीत काळी माती भरू नका. ती भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि मग पाणी कडेने सरळ खाली निघून जातं, मुळं कोरडीच राहतात. दहा भागांचं साधं प्रमाण असं: चार भाग कोकोपीट, तीन भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग भाताचा तूस. वीस कुंड्यांना साधारण चाळीस लिटर मिश्रण लागतं. त्यात दोन-तीन मुठी निंबोळी पेंड घाला.

कोकोपीटची छोटी, ६५० ग्रॅमची वीट फुलून आठ-नऊ लिटर होते, म्हणजे दोन विटा पुरतात. ती भिजवून लगेच वापरायची घाई मात्र करू नका. नारळाच्या काथ्यात मीठ असतं आणि ते कोवळ्या मुळांना जाळतं. वीट बादलीत फुलवा, जुन्या ओढणीत किंवा पंचात बांधून पिळा, पहिलं पाणी चहासारखं तांबडं निघेल. ते ओतून द्या. पुन्हा पाणी घाला, तासभर ठेवा, पिळा. तिसऱ्या वेळी पाणी फिकट पिवळं आलं की काम झालं.

सगळं एकत्र करून मूठभर मिश्रण हातात घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टोचल्यावर मोकळा झाला तर उत्तम. बोटांच्या फटींतून पाणी गळलं तर फार ओलं, गोळा झालाच नाही तर कोरडं.

ज्यांना घरच्या ओल्या कचऱ्यातूनच माती करायची आहे त्यांनी अमृतमातीची पद्धत जरूर शिकावी. तिची बैठक श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराच्या विचारात आहे, आणि त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर अशाच कचऱ्यातून बाग उभी राहिली होती. तिला काही महिने लागतात, म्हणून पहिली बाग विकतच्या खतावर सुरू करा आणि कंपोस्टची बादली बाजूला चालू ठेवा.

काय लावायचं

सावलीच्या भागात मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, ट्रेडेस्कँशिया आणि नेफ्रोलेपिस फर्न. उन्हात ऑफिस टाइम, राहिओ, अल्टरनॅन्थेरा. यातलं बहुतेक नर्सरीतून विकत आणायचीही गरज नाही. ओळखीच्या घरातून मनीप्लांटची फांदी मागून आणा. पेरापाशी तपकिरी टोकासारखं हवेतलं मूळ दिसतं, त्याच्या खाली बोटभर अंतरावर तिरका छेद द्या, खालचं पान काढा आणि ते पेर मातीत जाईल असं खोचा. एका कुंडीत तीन तुकडे लावले की कुंडी लवकर भरते. ज्येष्ठ-आषाढात हे काम सगळ्यात यशस्वी होतं, हवेतच ओल असते. वैशाखात काडी लावू नये.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर मनीप्लांट आणि सिंगोनियम वरच्या ओळीत ठेवा. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. चावलं तर तोंडाची आग होते आणि सूज येते.

खाण्याच्या झाडांत पुदिना आणि पानओवा काडीवर येतात आणि जवळजवळ कुणालाही निराश करत नाहीत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात कापायला येते. कोथिंबिरीसाठी धने लाटण्याने हलके रगडून त्यांचे दोन भाग करा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढा धीर धरा. तिचा खरा मोसम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात ती चार पानांवरच फुलोऱ्यावर जाते, त्यात तुमचा दोष नसतो. एका सहा इंची कुंडीत फोडणीपुरती कोथिंबीर येते, जुडी नाही; म्हणून तीन कुंड्यांत दहा-दहा दिवसांच्या अंतराने पेरत राहा. मिरचीला आठ इंची कुंडी आणि खालची जागा द्या. गवती चहा जाळीवर लावू नका, त्याची मुळं सहा इंची कुंडीत मावत नाहीत.

पाणी

वेळापत्रकावर पाणी घालू नका, बोटावर घाला. पहिल्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचं. ओल लागली तर आज नको. उन्हाळ्यात सहा इंची कुंडीला रोज साधारण पाव लिटर, म्हणजे अडीचशे मिली लागतं, वीस कुंड्यांना पाच लिटर. सावलीतल्या कुंड्यांना हिवाळ्यात तीन दिवसांतून एकदाही पुरतं. वरची ओळ नेहमी आधी वाळते, आणि वरच्यांचं निथळलेलं पाणी खालच्यांवर पडतं, तेव्हा पुदिन्यासारखी पाण्याची आवड असलेली झाडं खाली ठेवणं शहाणपणाचं.

पावसाळ्यात फसायला होतं. बाहेर धो धो पाऊस असतो आणि आपण पाणी बंद करतो. पण स्लॅबखालच्या मागच्या भिंतीवर थेंबही येत नाही. ग्रिलपाशी झड येते म्हणून तिथल्या कुंड्या चिंब, आणि चार फुटांवर भिंतीवरच्या कोरड्या ठणठणीत. बोटाची तपासणी जुलैमध्येही चालू ठेवा.

ड्रिप लावायचं असेल तर एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगत नाही. स्टुलावर ठेवलेल्या कॅनचा दाब मीटरभर उंचीला जेमतेम ०.१ बार असतो. दाब नियंत्रित करणारे ड्रिपर त्यावर चालतच नाहीत. साधे, फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर घ्या. आणि आरओचं वाया जाणारं पाणी रोज कुंड्यांना घालू नका. त्यात क्षार साचलेले असतात, छोट्या कुंडीत ते लवकर चढतात आणि पानांची टोकं करपतात.

कुंड्यांखालच्या बशा आणि पन्हळ आठवड्यातून एकदा कोरडी करा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात.

खत आणि कीड

दोन लिटर मातीतलं अन्न दीड महिन्यात संपतं. दर महिन्याला कुंडीत मूठभर गांडूळखत वर पसरा. भाजीला जास्त भूक असते. पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक-दीड ग्रॅम, किंवा जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रव खत) दहापट पाण्यात. जीवामृताला वास असतो, बंद गॅलरीत शेजाऱ्यांचा विचार करा.

देठाच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरणीच्या कापसाने पुसून काढा, मग लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब मिसळून सूर्य मावळल्यावर फवारा, पानांच्या खालून. आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग दिसत असेल तर तिचा माग काढा, मुंग्या गोड चिकट्यासाठी पिठ्याला आणि माव्याला (रस शोषणाऱ्या बारीक किडीला) राखतात. कुंडी सुटी निघत असल्यामुळे आजारी झाड त्याच दिवशी इतरांपासून लांब नेता येतं, औषधाइतकाच याचा उपयोग होतो. कबुतरांना मात्र फवारा लागू पडत नाही. ती रिकाम्या कुंडीत घरटं करतात. जाळी ताणून लावा किंवा कुंडी रिकामी ठेवूच नका.

मे महिन्यात गावी जाताना

आठ-दहा दिवस घर बंद राहणार असेल तर सगळ्या कुंड्या जाळीवरून काढा आणि गॅलरीच्या सर्वांत सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून जमिनीवर ठेवा. मेथी-कोथिंबीर आधीच कापून खा. शोभेच्या झाडांची एक तृतीयांश पानं छाटून टाका, तेवढं पाणी कमी लागतं. मध्ये पाण्याची झाकणबंद बादली ठेवून झाकणाच्या भोकांतून सुती दोऱ्या काढा. दोरीचं एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं कुंडीत दोन इंच खोल. दोरी आधी भिजवून घ्या, कोरडी दोरी पाणी ओढत नाही. जाण्याआधी दोन दिवस हे लावून बघा म्हणजे कुठली दोरी चालत नाही ते कळेल.

परत आल्यावर एखादी कुंडी पार वाळलेली दिसली तर वरून पाणी ओतून उपयोग नाही. पूर्ण वाळलेलं कोकोपीट पाणी धरत नाही, ते कडेने निघून जातं. ती कुंडी अख्खी बादलीत बुडवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, निथळू द्या, सावलीत ठेवा आणि आठवडाभर खत देऊ नका.